त्रास काहीच नाही, तरी तपासणी कशाला?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ३१ वर्षांचे, सोलापूरचेच. टॉवेल-चादरीच्या मालासाठी हैदराबाद, सुरत अशी फिरती असते. गेल्या काही वर्षांत दोन-तीन ठिकाणी शरीरसंबंध आले. कंडोम कधी वापरला, कधी नाही. आता लग्न ठरलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लघवीला जळजळ नाही, जखम नाही, जांघेत गाठ नाही. मागच्या वर्षी शिबिरात रक्तदान केलं, तेव्हाही कुणी काही कळवलं नाही. मग तपासणीची गरज आहे का? असेल तर कोणती? आणि एकदा केल्यावर पुन्हा पुन्हा कशासाठी?

गरज आहे, आणि लग्नाच्या आधी आहे. मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर आहे, बरीच वर्षं याच शहरात हे रुग्ण बघते आहे. ‘मला त्रास काहीच नाही’ हे वाक्य रोज ऐकते आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. अडचण अशी की या आजारांमध्ये त्रास नसणं आणि आजार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडिया, परमा म्हणजे गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांच्या ३७.४ कोटी नव्या लागणी झाल्या. चारही औषधानं पूर्ण बरे होणारे आजार. तरी ते पसरतात, कारण ज्यांना ते आहेत त्यांतल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीही जाणवत नाही, पुरुषांतही निम्म्याच्या आसपास लोकांना लक्षण नसतं.

सिफिलिस जरा नीट समजून घ्या. आपल्याकडे जुनी माणसं याला गरमी म्हणतात. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत कधीही) एक जखम होते. दुखत नाही, खाजत नाही. पुरुषाला ती दिसू शकते. बाईला योनीच्या आत झाली तर कधीच कळत नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते. तोवर रुग्णानं मेडिकलमधून एखादं मलम आणून लावलेलं असतं, त्याला वाटतं मलम लागू पडलं. मलम लावलं नसतं तरी ती भरलीच असती. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, पुष्कळदा तळहातांवर आणि तळपायांवर, आणि सहसा तेही खाजत नाही. डाईंगमध्ये काम करणारा माणूस म्हणतो रंग बाधला, बांधकामावरचा म्हणतो सिमेंट बाधलं. तेही पुरळ जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काही नाही, फक्त रक्ताच्या तपासणीत ते दिसतं. पुढे काही जणांमध्ये ते हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीवर, मेंदूवर, डोळ्यांवर जातं. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला बरं वाटत असतं, आणि म्हणूनच तो डॉक्टरकडे येत नाही.

येतं कोण? त्याची बायको. तीही आजारासाठी नाही, दिवस राहिले म्हणून. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी यांची तपासणी केली जाते आणि ती झालीच पाहिजे. तिथे तिची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह येते. घरातली पहिली तपासणी तिची, म्हणून आजार पहिल्यांदा तिच्या कागदावर दिसतो, आणि घरातली बोटं तिच्याकडे वळतात. सासू विचारते, ‘हे काय घेऊन आलीस माहेराहून?’ नवरा बाजूला गप्प उभा असतो. त्याला ती न दुखणारी जखम आठवत असते, पण तोंड उघडत नाही. असं दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रिपोर्ट सांगण्याआधीच मी नवऱ्याला आत बोलावते आणि त्याचं रक्त त्याच दिवशी काढायला लावते. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचतं, निरोगी जन्मतं. मिळालं नाही तर गर्भ पोटातच दगावणं, दिवस भरण्याआधी बाळंत होणं, बाळाला जन्मतःच सिफिलिस असणं, हे सगळं होतं. एका साध्या, स्वस्त तपासणीनं हे टळतं. म्हणून तुम्हाला माझा पहिला आग्रह हा की घरातली पहिली तपासणी तुमची होऊ द्या.

परम्याचा प्रकार वेगळा. पुरुषाला दोन ते सात दिवसांत लघवीला जळजळ आणि पू येऊ शकतो. पण सोलापूरचा एप्रिल-मे आपल्याला ठाऊक आहे. जळजळ झाली की सगळे म्हणतात उन्हाळी लागली. सब्जा पितात, धने-जिऱ्याचं पाणी पितात, पाणी वाढवतात. उन्हाळी खरीही असते, पण नव्या संबंधानंतर आठवडाभरात जळजळ झाली, त्यातून पिवळा स्राव आला, तर ऋतूवर ढकलू नका. आणि मेडिकलवाल्याला सांगून दोन गोळ्या घेऊ नका. परम्याच्या जंतूवर पूर्वी चालणाऱ्या कितीतरी गोळ्या आता चालत नाहीत, आणि अर्धवट औषधानं लक्षण दबतं, जंतू राहतो. कोणती गोळी, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की त्या ओळीचा फोटो घेऊन लोक दुकानात जातात.

आता रक्तदानाचं. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, हे खरं. पण ती ज्याला रक्त चढणार त्याच्या सुरक्षेसाठी असते. क्लॅमिडिया आणि परमा तिच्यात येतच नाहीत. शिवाय ती वर्षापूर्वीची, आणि त्यानंतरही तुमची फिरती चालूच होती. कुणी फोन केला नाही म्हणजे निगेटिव्ह, असंही धरता येत नाही. फोन नंबर चुकलेला असतो, पत्ता जुना असतो. याहून गंभीर गोष्ट सांगते. लागण नुकती झाली असेल तर काही दिवस ती कुठल्याच तपासणीत दिसत नाही, आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला चढू शकतं. आपल्या गावात जयंती असो, गणपती असो, शिबिरांना तोटा नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्याला स्वतःच्या संबंधांबद्दल शंका आहे त्यानं फॉर्मवरच्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावीत आणि रक्त देऊ नये. फुकट तपासणी होईल म्हणून तर मुळीच देऊ नये. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात तशीही मोफत होते.

तसंच ‘फुल बॉडी चेकअप’चं. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, जीवनसत्त्वं, पानंच्या पानं रिपोर्ट येतो. लोक तो माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, मॅडम, सगळं नॉर्मल आहे. मी चाळून बघते तर त्यात ना एचआयव्ही असतं, ना व्हीडीआरएल. हे नाव घेऊन मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

तुम्ही कोणत्या तपासण्या कराव्यात? रक्तातून चार: एचआयव्ही, सिफिलिस, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी. लघवीतून दोन: क्लॅमिडिया आणि परमा, यांची ‘नॅट’ पद्धतीची, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. तिच्यासाठी लघवीची पहिली धार लागते, मधली नाही, आणि त्याआधी तासभर तरी लघवीला गेलेलं नसावं. स्त्रियांमध्ये योनीतल्या स्रावाचा नमुना जास्त चांगला. मुखसंबंध किंवा गुदसंबंध झाले असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, कारण घशात किंवा गुदद्वारात असलेला जंतू लघवीच्या तपासणीत सापडत नाही. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांच्या बाबतीत ही चूक फार होते. ते सांगत नाहीत, डॉक्टर विचारत नाहीत, आणि लघवीचा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन रुग्ण घरी जातो. ही नॅट तपासणी बहुतेक ठिकाणी खासगी लॅबमध्येच करावी लागते आणि तिला पैसे पडतात. पैशांची ओढाताण असेल तर रक्ताच्या तपासण्या आधी करा आणि बाकीचं तपासून ठरवण्यासाठी डॉक्टरांना भेटा. लक्षणं नसताना नागिणीच्या जातीच्या जननेंद्रियाच्या हर्पिससाठी रक्त तपासू नका. त्यातून बोध कमी होतो आणि काळजी जास्त.

किती दिवसांनी करायची, हे लोकांना कुणी सांगतच नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. संबंध शनिवारी झाला, सोमवारी एचआयव्ही केली, निगेटिव्ह आली, सुटलो! असं नसतं. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) एचआयव्ही तपासणी बहुतेक लागणी ४५ दिवसांत पकडते. बोटाला टोचून करतात ती जलद तपासणी ९० दिवसांनंतर केली तरच तिच्यावर पूर्ण विसंबता येतं. सिफिलिससाठी एकदा सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी रक्त द्या. क्लॅमिडिया-परम्याची नॅट दोन आठवड्यांनंतर खात्रीची. मी सोपं करून सांगते: लक्षण असेल तर आजच या, लक्षण नसेल तर एकदा आता आणि एकदा शेवटच्या संबंधानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर. त्या मधल्या काळात कंडोमशिवाय संबंध नकोत, नाहीतर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

इथेच तुमच्या ‘पुन्हा पुन्हा कशाला’ याचंही उत्तर आहे. निगेटिव्ह रिपोर्ट मागच्या काळाबद्दल बोलतो. तो पुढच्या फिरतीबद्दल काहीच सांगत नाही. ज्यांचे एकाहून जास्त जोडीदार आहेत किंवा जोडीदार बदलतात, त्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासावं, तारीख मोबाइलमध्ये टाकून. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांनी आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी तीन महिन्यांना चुकवू नये. क्लॅमिडिया किंवा परमा झाला आणि बरा झाला, तरी तीन महिन्यांनी पुन्हा नमुना द्यायचा, कारण न तपासलेल्या जोडीदाराकडून तो परत येतो. आणि ज्या जोडप्यात दोघांचेही रिपोर्ट योग्य वेळी निगेटिव्ह आलेत आणि दोघंही एकमेकांशीच आहेत, त्यांना दर वर्षी यात पडायची गरज नाही. तिथे गरोदरपणातल्या तपासण्या आणि स्त्रीच्या गर्भाशयमुखाची तपासणी एवढं पुरे.

गर्भाशयमुखाबद्दल मात्र थोडं थांबते, कारण ते आपल्या भागाशी जोडलेलं आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा संबंधातून पसरणारा विषाणू असतो. तो इतका सार्वत्रिक आहे की तो असण्याचा आणि चारित्र्याचा काही संबंध लावू नये. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या, सगळ्या खेड्यापाड्यांतल्या. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू, न मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. एकदाच! ज्या बायकांना त्रास काही नव्हता त्यांच्यातच हे घडलं, आणि बार्शीच्या माणसांनी हे जगाला दाखवून दिलं. तरी सोलापुरात तिशी-चाळिशीच्या कितीतरी बायकांची ही तपासणी एकदाही झालेली नसते. पूर्व भागात दिवसभर बिड्या वळणाऱ्या बायका येतात. अंगावरून पांढरं जातं म्हणतात, आणि बसून बसून उष्णता झाली हे कारणही त्याच सांगतात. बऱ्याच जणींना खरोखर साधा संसर्ग असतो. पण तो कोणता, हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आतून तपासून घ्यायला त्या कधी टेबलावर झोपलेल्याच नसतात. तुमच्या घरात आई, मोठी बहीण, वहिनी कुणी असेल, तर त्यांना हे सांगा. संकोच वाटत असेल तर बायकांकरवी सांगा.

कुठे जायचं? सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, एचआयव्हीची मोफत तपासणी आणि समुपदेशन होतं, गुप्तरोगांचा विभागही त्वचारोगांबरोबर असतो. सरकारी रुग्णालयांतले हे लैंगिक आजारांचे दवाखाने ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावानं चालतात. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, नाव न सांगता विचारता येतं. तुमची खरी भीती मला ठाऊक आहे: रांगेत कुणीतरी ओळखीचं भेटेल. सोलापूर तसं छोटंच, सात रस्त्यावर भेटलेला माणूस संध्याकाळी नवी पेठेत पुन्हा भेटतो. पण त्वचेच्या ओपीडीत नायटा, खरूज, पांढरे डाग, केस गळती, सगळे एकाच रांगेत असतात. तुम्ही कशासाठी आलात हे रांगेला कळत नाही. आत बसलेल्यांवर कायद्याचं बंधन आहे. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि तुमचा रिपोर्ट मालकाला, शेजाऱ्याला, होणाऱ्या सासऱ्याला देता येत नाही. जोडीदाराला धोका असेल तेव्हाची तरतूद वेगळी आहे, ती समुपदेशकाकडून आधीच समजून घ्या.

आता होणाऱ्या बायकोचं. काही घरांत मुलीकडून एचआयव्हीचा रिपोर्ट मागवतात आणि मुलाचं रक्त कुणी काढतही नाही. मला याची चीड येते. तपासणी करायची तर दोघांची, दोघांच्या मर्जीनं, आणि तुम्ही आधी. तिला काय सांगायचं? ‘मी माझ्या तपासण्या करून घेतोय, तू माझ्यासोबत येशील का?’ एवढं पुरतं. मागचा सगळा हिशेब तिच्यापुढे मांडलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही, तो तुमच्या दोघांमधला विषय. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो तिच्यापासून लपवून लग्नाला उभं राहू नका. त्यावर माझं मत ठाम आहे.

पॉझिटिव्ह आला तर काय, याची भीतीच लोकांना दारातून परत फिरवते. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली म्हणजे सिफिलिस आहेच असं नाही. गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात, ल्युपससारख्या आजारातही ती कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणून टीपीएचए ही दुसरी तपासणी करतात. सिफिलिस निघालाच तर सुरुवातीच्या काळात बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन एकदा, जुना असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन. दुखतं, पण काम होतं. नंतर व्हीडीआरएलचा आकडा उतरतोय का हे सहा महिन्यांनी, वर्षानं बघायचं. टीपीएचए मात्र बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, ती बघून पुढे कुणी घाबरवलं तर घाबरू नका आणि पुन्हा इंजेक्शनं घेऊ नका. एचआयव्ही एका तपासणीवर ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन किट्सवर खात्री करतात. निघाली तर एआरटीची, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं मोफत आणि लगेच सुरू होतात. ती रोज नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. अशी माणसं लग्न करतात, त्यांना एचआयव्ही नसलेली मुलं होतात, त्यातली काही माझ्याकडे साध्या पुरळासाठी आईचं बोट धरून येतात. कोणताही आजार निघाला तरी जोडीदाराचे उपचार त्याच वेळी व्हायला हवेत. एकट्याचे उपचार म्हणजे निम्मे उपचार.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शेवटचा संबंध कधी झाला ते आधी आठवा. तो ७२ तासांच्या आतला असेल, तर हे वाचून झाल्यावर वाट न बघता सिव्हिलच्या तातडीच्या विभागात जा आणि एचआयव्ही टाळणाऱ्या २८ दिवसांच्या औषधाबद्दल विचारा. ते जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग. तीन महिन्यांहून जुना असेल तर याच आठवड्यात सगळ्या तपासण्या एकदम द्या. मधलाच असेल तर एक फेरी आता, दुसरी तीन महिने भरल्यावर, आणि लग्नाची तारीख त्याआधीची असेल तर दुसरा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम. हेपॅटायटिस बी निगेटिव्ह आला आणि लस झालेली नसेल, तर त्याच भेटीत पहिला डोस मागून घ्या. दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहाव्या महिन्यात.